यंत्राने भाजी धुतली, हातांचे काय?

प्रवासी जहाजांवर पोटाच्या विकारांच्या साथी नव्या नाहीत. अमेरिकेच्या 'सीडीसी' या रोगनियंत्रण संस्थेने आपल्या देखरेखीखालील जहाजांवर २०२४ मध्ये अशा १८ साथी नोंदविल्या. त्यांतील १५ नोरोव्हायरसच्या होत्या. त्यामुळे जहाजांच्या स्वयंपाकघरांत फळे, पालेभाज्या धुऊन निर्जंतुक करणाऱ्या स्वयंचलित यंत्रांकडे आशेने पाहिले जाणे स्वाभाविक आहे. प्रश्न आहे तो या आशेच्या मर्यादेचा.

कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला आच लागत नाही. जी काही शुद्धी व्हायची ती धुण्यातच. हाताने धुताना औषधाची मात्रा आणि भिजवण्याचा वेळ घाईगर्दीत चुकू शकतो. यंत्र तो नेमाने पाळते. शिवाय समुद्रावर गोडे पाणी मोजकेच असते. तेच पाणी फिरवून वापरले, तर एका दूषित पानावरील जंतू साऱ्या भाजीत पसरतात. हा फैलाव रोखणे, हेच क्लोरीन वा पेरॅसिटिक आम्लाचे मुख्य काम. माती आणि पानांचा रस मिसळताच क्लोरीन झपाट्याने खर्ची पडतो. म्हणूनच त्याचे सतत मोजमाप करणारे यंत्र उपयुक्त ठरते.

तथापि, धुण्याने जंतू साधारणतः ९० ते ९९ टक्के घटतात, नाहीसे होत नाहीत. पानांच्या चिरांत दडलेल्या जंतूंपर्यंत औषध पोहोचत नाही आणि नोरोव्हायरसचे तर मोजके कणही आजारास पुरतात. २००६ मध्ये अमेरिकेत पालकामुळे ई. कोलायची साथ पसरली, सुमारे २०० जण आजारी पडले. तो पालक कारखान्यात धुऊन पिशवीबंद केलेलाच होता!

त्याहून महत्त्वाचे म्हणजे, धुतलेली भाजी पुढे माणसाच्याच हातात येते. अन्न हाताळणाऱ्या आजारी कर्मचाऱ्याला लक्षणे थांबल्यावरही किमान ४८ तास वेगळे ठेवावे, असा 'सीडीसी'चा दंडक आहे. पण पगार कापला जाईल, पुढचे कंत्राट मिळणार नाही, ही धास्ती असेल तर आजार लपवला जाणारच. गोवा आणि कोकणातील अनेक तरुण अशा जहाजांवर राबतात. त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न केवळ प्रवाशांच्या आरोग्याचा नाही. भारताने २०१५ मध्ये स्वीकारलेल्या सागरी कामगार कराराने आजारी खलाशाला जहाजावर असेपर्यंत पूर्ण वेतनाचे संरक्षण दिले आहे. त्याची अंमलबजावणी चोख असेल, तरच यंत्रावरील खर्च सार्थकी लागेल.