शेतकऱ्यास संख्याशास्त्र कशाला?

संख्याशास्त्र हें पंडितांचें काम, असें पुष्कळ शेतकरी बंधु समजतात. परंतु 2016 पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेंत भरपाई मुख्यत्वें पीक कापणी प्रयोगांच्या सरासरीवरून ठरते. प्रयोगाचा तुकडा भरघोस पिकांत नेमला, तर सरासरी फुगते व सर्व मंडळाची भरपाई बुडते. निकृष्ट पिकांत नेमला, तर हिशेब खोटा ठरतो. म्हणूनच डॉ. पां. वा. सुखात्मे व डॉ. वि. गो. पानसे यांनीं 1940 नंतरच्या दशकांत तुकडा नजरेनें न निवडतां, चिठ्ठी टाकावी तसा, यादृच्छिक अंकांनीं निवडण्याचा आग्रह धरला. तरी कापणीच्या दिवशीं शेतकऱ्यांनीं हजर राहावें. तुकडा कसा निवडला, धान्य किती भरलें, हें विचारून टिपून ठेवावें. एवढें संख्याशास्त्र गांवोगांवीं शिकविलें जावें, असें आमचें स्पष्ट मत आहे.