खंजिरीची धार कापू नका

अमरावती-अकोल्याच्या छोट्या स्टुडिओंत भजनाचं मिक्स झालं, की मंडळाच्या हाती बहुतेक वेळा एकच एमपीथ्री फाइल पडते. वर ऐकवतात, "लोक फोनवरच तर ऐकतात!" मला हे साफ नामंजूर आहे.

तुकडोजी महाराज (१९०९-१९६८) खंजिरीवर भजनं गात गावोगाव फिरले. वऱ्हाडी कानाला भजन म्हणजे तो खणखणाट. १२८ केबीपीएसची एमपीथ्री नेमकी त्याच्याच मुळावर येते. साधारण १६ किलोहर्ट्‌झच्या वरचं सहसा कापलं जातं, थापेची धार बोथट होते. पुढे तिची डब्ल्यूएव्ही केली तरी गेलेलं परत येत नाही. डब्ल्यूएव्हीवरून एमपीथ्री मात्र कधीही काढता येते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्‌झची पाच मिनिटांची स्टिरिओ डब्ल्यूएव्ही जेमतेम ८६ एमबीची. एवढ्यासाठी कंजुषी?

आवाज मोठा करण्याच्या नादात पातळी शून्य डेसिबलवर आपटवणं हाही तोच अपराध. निदान एक डेसिबल जागा सोडा.

गावचे म्हातारे भजनी पुढच्या वर्षी गायला असतीलच असं नाही. मंडळींनो, पैसे चुकते करण्याआधी डब्ल्यूएव्ही मागून घ्या.