रांग आखूड झाली, पुढे काय?

आरोग्याच्या नोंदी जोडणाऱ्या 'आभा' (आयुष्मान भारत हेल्थ अकाउंट) क्रमांकामुळे अनेक रुग्णालयांत केसपेपरची रांग आखूड झाली, हे मान्य. पण एकाच वेळी तीन-चार आजार सांभाळणाऱ्या रुग्णाच्या पदरात त्यातून फारसे काही पडलेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मधुमेह, रक्तदाब आणि दुबळे मूत्रपिंड असलेल्याला गुडघेदुखीसाठी लिहून दिलेली वेदनाशामक गोळीही महागात पडू शकते. ती लिहिली जाते तेव्हा मूत्रपिंडाची स्थिती सांगणारा क्रिएटिनिनचा अहवाल घरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत असतो. 2021 पासून देशभर 'आभा'चे 14 आकडी क्रमांक वाटले गेले. डॉक्टरला नोंदी दाखवण्याची संमती मात्र मुख्यतः मोबाइलवरून, आणि आजीचा मोबाइल बहुधा मुलाच्या खिशात!

नवे अ‍ॅप आणण्याआधी आरोग्य मंत्रालयाने असे रुग्ण व त्यांची औषधे सांभाळणारे घरचे लोक यांना त्याच्या आराखड्याच्या बैठकीत बसवावे. संमतीने प्रत्येक डॉक्टरला दिसेल अशी, मराठीतही वाचता येणारी एकच औषधयादी आधी द्यावी.