वायपर अडला की लगेच मोटार बदलू नका

आपल्या वाचकांपैकी कितीतरी घरांची चूल एका जुन्या पिकअपवर पेटते. कोणी भाजी आणते, कोणी मासळी पोहोचवते, कोणी मे महिन्यात आंब्याच्या पेट्या. अशा गाडीच्या इंजिनाकडे, टायरकडे, ब्रेककडे घरधन्याचे लक्ष असते. वायपर मात्र दिवाळीनंतर जो विसरला जातो, तो मृगाच्या पहिल्या सरीलाच आठवतो. त्या वेळी दांडी फिरवावी आणि काचेवर काहीच हलू नये, हा अनुभव अनेकांना असेल. गॅरेजात नेली की पहिले वाक्य ऐकू येते, "मोटार गेली." मोटार खरोखर गेली असेल तर बदलावीच. पण माझ्या पाहण्यात दहापैकी सहा-सात वेळा दुखणे दुसरीकडेच असते.

रचना साधी आहे. काचेच्या खाली, बोनेटच्या आतल्या बाजूला बारा व्होल्टची लहान मोटार बसवलेली असते. तिच्या गिअरवरचा आखूड दांडा गोल फिरतो. त्याला जोडलेल्या लांब पट्ट्या, म्हणजे लिंकेज, मागेपुढे होतात आणि काचेखालच्या दोन स्पिंडलना झुलवतात. स्पिंडलवर नटाने आर्म बसवलेला आणि आर्मला रबराचे ब्लेड. म्हणजे दोष तीनच ठिकाणी असू शकतो: वीज, मोटार किंवा तिच्या पुढचे सांधे. यातले कोणते, ते बरेचसे कानानेच कळते. बोनेट उघडा, चावी चालू करा आणि घरातल्या कोणाला तरी दांडी फिरवायला सांगा. त्या वेळी हात आत घालू नका. लिंकेज अचानक सुटले तर बोट चेंगरते. काही उघडायचे असेल तेव्हा आधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढा.

आवाजच नसेल तर पहिला फ्यूज पाहा. जळाला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा नवा घाला. तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावण्याची खोड काही ड्रायव्हरांना असते. त्याने वायपर चालतो, पण पुढे वायरिंग पेटण्याची वेळ येते. नवा फ्यूजही लगेच उडाला तर समजावे की एक तर लिंकेज कुठेतरी जाम आहे किंवा वायर सोलून बॉडीला टेकते आहे. फ्यूज शाबूत असेल तर टेस्ट लॅम्प घ्या. बारा व्होल्टचा छोटा बल्ब आणि दोन वायरी, एवढेच ते हत्यार. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे मोटारीच्या सॉकेटमध्ये लावायचे. कोणीतरी दांडी फिरवल्यावर बल्ब पेटला तर वीज मोटारीपर्यंत पोहोचते आहे. नाही पेटला तर रिले, दांडीचा स्विच किंवा मधली वायर तपासायची, मोटारीला हात लावायचा नाही. वीज पोहोचते पण मोटार गप्प, अशा वेळी स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीने तिच्या अंगावर दोन हलके टोले द्या. चालू झाली तर आतले कार्बन झिजले आहेत. ऑटो इलेक्ट्रिशियन बहुधा नुसते कार्बन बदलून देतो, पूर्ण मोटार घ्यावी लागत नाही.

मोटारीचा आवाज येतो पण आर्म हलत नाहीत, हा सर्वांत स्वस्त आजार. लिंकेज आपल्या गोळीवरून निसटलेले असते किंवा आर्मचा नट ढिला झालेला असतो. एकच आर्म हलत नसेल तर बहुतेक नटच. प्लॅस्टिकचे बुश झिजून पट्टी वारंवार निसटत असेल तर बुश बदलावेत. तारेने बांधलेली पट्टी नेमकी जोराच्या पावसात सुटते.

खरी फसवणूक होते ती वायपर रेंगाळत चालतो तेव्हा. माझ्या धाकट्या भावाची पिकअप पंधरा वर्षांची आहे, कोल्हापूरहून आंबा घाटाने भाजी आणते. तिचा वायपर काचेच्या मध्यावर दम घ्यायचा. एका गॅरेजवाल्याने नवी मोटार बसवली. दोन दिवस बरे गेले आणि पुन्हा तेच, शिवाय नवी मोटार हात लावू देईना इतकी तापलेली. भाऊ म्हणाला, "आपा, मोटार डुप्लिकेट निघाली." मी म्हटले, दोष ठरवण्याआधी मोटार आणि पट्ट्या वेगळ्या करून पाहू. शाळेत विज्ञान शिकवताना मुलांना हेच सांगते, एका वेळी एकच गोष्ट बदला. आधी दोन्ही आर्म काचेपासून उचलून चालवून पाहिले, वेग तोच. म्हणजे रबराचा दोष नाही. मग मोटारीच्या दांड्यावरून लिंकेज सोडवले आणि मोटार एकटी चालवली. ती भिंगरीसारखी फिरली! आता स्पिंडल हाताने फिरवून पाहिले. डावे बोटाने फिरले, ड्रायव्हरच्या बाजूचे पक्कडीनेही हलेना. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने ते आपल्या नळीतच गंजून धरले होते. गंज सोडवणारा स्प्रे मारून रात्रभर ठेवले, सकाळी मागेपुढे करत मोकळे केले, बाहेर काढून बारीक पॉलिश पेपरने घासले आणि ग्रीस लावून बसवले. जुनी मोटार भावाने भंगारात दिली नव्हती. तीच परत लावली, आजही तीच चालते.

एकटी मोटारही संथच फिरत असेल तर अर्थ तपासा. बऱ्याच गाड्यांत मोटारीला निगेटिव्ह बॉडीतूनच मिळतो आणि तिच्या बोल्टखाली गंज धरला की वीज अडते. मोटारीच्या अंगापासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत एक जाड वायर धरून पाहा. वेग वाढला तर बोल्टची जागा घासून स्वच्छ करणे एवढाच इलाज. हळू चालत नाही पण जोरात चालतो, तर त्या वेगाचा कार्बन किंवा स्विच. बंद केल्यावर आर्म खाली न येता जिथल्या तिथे थांबतो, तर मोटारीच्या गिअरच्या डब्यातली पार्किंगची पत्ती मळलेली असते. आर्म पुन्हा बसवण्याआधी मोटार एकदा चालवून दांडीनेच बंद करावी आणि मग आर्म काचेच्या तळाशी ठेवून नट आवळावा. नाहीतर ते काचेच्या चौकटीवर आपटतात.

ब्लेडबद्दल एवढेच, की उन्हाने कडक झालेले रबर कितीही पुसले तरी मऊ होत नाही. पावसाळ्याआधी नवे घ्या, जुन्याची लांबी मोजून घ्या. ब्लेड नवे असूनही काच धूसर दिसत असेल तर काचेवर धुराचा तेलकट थर असतो. तो भांड्यांच्या साबणाने जातो, केरोसीनने उलट वाढतो. जाता जाता सांगते, १९०३ साली वायपरचे पेटंट अमेरिकेतल्या अलाबामाच्या मेरी अँडरसन या बाईंना मिळाले होते. तो आतून हाताने दांडी ओढून चालवायचा होता.

आठ वर्षांहून जुन्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस घ्यावी लागते आणि तिथे वायपर पाहिला जातो. पण पासिंगच्या दिवशी कोरड्या काचेवर चालला म्हणजे घाटात चालेल असे नाही. काचेवर दोन तांबे पाणी टाकून सलग दहा मिनिटे चालवून पाहा. आणि मगरिबनंतर, ऐन घाटात बंद पडलाच तर? वळणावर थांबू नका. सरळ रस्ता आणि रुंद बाजूपट्टी आली की गाडी उतरवा, चारही इंडिकेटर लावा आणि घरी फोन करा, उशीर होईल म्हणून. कापलेला बटाटा किंवा तंबाखू काचेवर चोळण्याची जुनी युक्ती खरी आहे. त्याने पाण्याचे थेंब न धरता पातळ पडदा होतो आणि थोडे दिसते. पण तो पडदा धो धो पावसात काही मिनिटांतच धुऊन जातो. त्याच्या भरवशावर फार तर जवळच्या चहाच्या टपरीपर्यंत जावे, पुढचा घाट उतरू नये.