मधुमेही डोळा आणि सुईचा मार्ग

मधुमेहामुळे दृष्टिपटलाला आलेली सूज उतरवण्यासाठी ट्रायमसिनोलोन हे स्टिरॉइड तीन मार्गांनी देता येते. थेट नेत्रगोलातील जेलीसदृश द्रवात टोचल्यास परिणाम लवकर दिसतो. मात्र डोळ्याचा दाब वाढण्याचा व मोतीबिंदूचा धोका अधिक. नेत्रगोलाबाहेर, त्याच्या आवरणाखाली टोचणे तुलनेने सुरक्षित, पण परिणाम सौम्य. नेत्रगोलाच्या भित्तिकेतील थरांमध्ये औषध सोडण्याची नवी पद्धत मधला मार्ग ठरू पाहते.

ग्वाल्हेरच्या जयारोग्य रुग्णालयासारख्या सरकारी रुग्णालयांतील गरीब रुग्णांना महागडी अँटी-व्हीईजीएफ इंजेक्शने वारंवार परवडणे कठीण. म्हणून ही तुलना मोलाची. २०२३च्या आयसीएमआर-इंडियाब अहवालात २६.४ टक्के मधुमेहींसह देशात अव्वल ठरलेल्या गोव्यालाही ती टाळता येणार नाही. मार्ग कोणताही असो, दाब तपासायला रुग्ण परतलाच नाही, तर सुजेतून वाचलेली दृष्टी काचबिंदू हिरावून घेऊ शकतो.