टाकीतले पाहुणे मांडवीत नकोत

समुद्री माशांची टाकी घरात ठेवणाऱ्याला एक अनुभव हमखास येतो. मासे आणलेले असतात दोन-चार, पण टाकीत कोणीच न आणलेले जीवही दिसू लागतात. दिवसा त्यांचा पत्ता नसतो. रात्री दिवे मालवावेत आणि तासाभराने टॉर्चचा झोत पाडावा, म्हणजे काचेवर पांढरे ठिपके तुरुतुरु पळताना दिसतात. भिंगाखाली त्यातला एखादा नीट पाहिला तर तो कोपेपॉड निघतो. डोक्याच्या मधोमध इवलासा लाल डोळा, आणि मादी असेल तर शेपटीजवळ अंड्यांची पिशवी. दगडाच्या फटीतून केसाळ ब्रिसलवर्म अर्धा बाहेर येतो, खाली पडलेला दाणा ओढतो आणि आत नाहीसा होतो. हे सारे दगडाबरोबर, शेवाळाबरोबर अंड्या-पिल्लांच्या रूपाने घरात शिरलेले असतात.

यांना पाहून घाबरू नये. उरलेसुरले अन्न खाऊन ते टाकी साफ ठेवतात आणि कोपेपॉड तर माशांचे आवडते खाणे. घाईघाईने तांब्याचे औषध ओतले तर असे बिनकण्याचे जीव मरतात, कुजतात, पाण्यात अमोनिया वाढतो आणि शेवटी मासेच दगावतात. रोज रात्री पाच मिनिटे मुलांना घेऊन टाकीपुढे बसावे. जीवशास्त्राचा इतका चांगला तास दुसरीकडे मिळणार नाही.

काळजी आहे ती पुढची. हौस फिटते, आयप्टेशियासारखे पसरणारे समुद्रफूल टाकी व्यापते, आणि माणूस बादली उचलून नदी गाठतो. गोव्यातल्या आमोणे गावात मांडवी नदी दारातच आहे. तिची भरती-ओहोटी आमोण्याच्याही वर, गांज्यापर्यंत पोचते. पावसाळा सरला की खारे पाणी वर सरकते. मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, ते खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या नदीकाठच्या खाऱ्या जमिनीत, आत-बाहेर करते. इथे ओतलेली बादली एका जागी राहत नाही.

‘नदीच्या पाण्यात ते मरतीलच’ असे म्हणणारे आहेत. पुष्कळ मरतीलही, कारण पावसाळ्यात इथे पाणी जवळजवळ गोडे होते. पण सगळेच मरतील याची हमी कोण देणार? आयप्टेशियाच्या बुडाच्या तुकड्यातून नवे समुद्रफूल उगवते. भूमध्य समुद्रात 1984 साली मोनॅकोच्या मत्स्यालयाखाली कॉलर्पा हे शेवाळ सापडले आणि पुढे हजारो हेक्टर समुद्रतळावर पसरले. तेच शेवाळ 2000 साली कॅलिफोर्नियाच्या खाडीत दिसले, तेव्हा ते संपवायला सहा वर्षे लागली. आपल्याकडेही मध्य अमेरिकेकडची एक लहान शिंपली जहाजांवाटे विशाखापट्टणमला आणि मुंबईला येऊन ठाण मांडून बसली आहे, आणि ती खारे-गोडे दोन्ही पाणी सोसते. मांडवीतल्या तिसऱ्या, खुबे या शिंपल्यांवर आणि काळुंद्रे या माशांवर कित्येकांची चूल पेटते. त्यांच्या पाण्यात असा भाडेकरू घालायचा अधिकार कोणाला नाही.

दुकानदारांचीही जबाबदारी आहे. प्रवाळाला 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. म्हणून समुद्रातून उपटलेला ‘जिवंत दगड’, म्हणजे जीव वस्तीला असलेला प्रवाळाचा दगड, विकणे-घेणे हा गुन्हा ठरू शकतो, ही गोष्ट गिऱ्हाइकाला आधीच सांगायला हवी. टाकी मोडायची वेळ आली तर मासे दुकानात परत द्यावेत किंवा दुसऱ्या हौशी माणसाला. दगड उन्हात पुरते वाळवावेत. टाकीतल्या पाण्यात ब्लीचिंग पावडर घालून एक दिवस ठेवावे आणि मग ते संडासात ओतावे. मत्स्योद्योग खात्याने एवढ्या चार ओळींचा फलक प्रत्येक अ‍ॅक्वेरियमच्या दुकानात लावायला सांगावा आणि आमोण्यासारख्या नदीकाठच्या पंचायतींनी तो आपल्या सूचनाफलकावरही लावावा.