गुडघ्याकडे काणाडोळा नको

कबड्डीत चढाई करताना पाय रोवून अंग वळवले की कधी गुडघ्यात कट्कन वाजते. खेळाडू उठतो, सामना पूर्णही करतो. सूज येते ती बहुधा रात्रीतून. मग तेल, शेक, पट्टी आणि दोन दिवसांत पुन्हा मैदान! घोळ होतो तो इथेच. मांडीच्या व नडगीच्या हाडांमध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या असतात. त्यांना नीट रक्तपुरवठा असतो तो बाहेरच्या कडेलाच. आतली फाट सहसा आपोआप भरत नाही. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेला तर ना रक्तवाहिन्या, ना मज्जातंतू. त्यामुळे तिची झीज सुरुवातीला जाणवतच नाही. दुखू लागते तेव्हा खालचे हाड आणि सांध्याचे अस्तर तक्रार करत असते. साध्या एक्स-रेत कूर्चा दिसत नाही, आणि ‘हाड शाबूत आहे’ एवढ्यावर घरचे निर्धास्त होतात. केंद्राने २०१७ मध्ये कृत्रिम गुडघ्याच्या किमतींवर मर्यादा घातली, हे चांगलेच झाले. पण ती सांधा निकामी झाल्यानंतरची सोय. जिल्हा स्पर्धांच्या मैदानावर फिजिओथेरपिस्ट असणे आता सक्तीचे करायला हवे. आणि प्रशिक्षकांनो, गुडघा अडकत वा सुजत असेल तर त्या खेळाडूला मैदानाबाहेर बसवा, अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवा.